पाण्यामागून इस्तंबूल

इस्तंबूलमध्ये हाया सोफियाजवळ, दिवानयोलू रस्ता जिथून सुरू होतो त्या कोपऱ्यावर, दगडी बांधणीचा एक उंच मनोरा उभा आहे. त्याला घुमट नाही, नजरेत भरावी अशी नक्षीही नाही. शेजारीच ‘मिलिओन’चा उरलेला दगडी खांब आहे. पूर्व रोमन साम्राज्यातली सगळी अंतरं ज्या खुणेपासून मोजली जात, ती ही खूण. पर्यटक त्या खांबाचा फोटो घेतात आणि हाया सोफियाच्या रांगेकडे वळतात. मीही दोन दिवस तिथून ये-जा करत होते. तिसऱ्या दिवशी तिथंच तिळाची कडी, म्हणजे सिमित, विकणाऱ्या एका आजोबांना मनोऱ्याकडे बोट दाखवून विचारलं, हे काय आहे? ते म्हणाले, “सू तेराझिसी.”

‘सू’ म्हणजे पाणी हे बाटल्यांवर वाचून कळलं होतं. ‘तेराझी’ कुणी समजावून सांगायची गरजच पडली नाही. तराजू! पाण्याचा तराजू.

मशिदी, महाल, बाजार यांची ठरवलेली यादी मी बाजूला ठेवली आणि उरलेले दिवस फक्त पाण्याच्या मागं हिंडले. इस्तंबूल पाहायची याहून चांगली वाट मला माहीत नाही.

आधी नकाशा पाहावा. जुनं शहर एका त्रिकोणी भूशिरावर वसलं आहे. दक्षिणेला मार्माराचा समुद्र, पूर्वेला बॉस्फरसची सामुद्रधुनी, उत्तरेला हालिचची खाडी. तीन बाजूंनी पाणी आणि चौथ्या बाजूला तट. व्यापाराला आणि बचावाला अशी जागा शोधून सापडायची नाही. सम्राट कॉन्स्टंटाइननं इ.स. ३३० मध्ये, ११ मे रोजी, इथं आपली नवी राजधानी थाटली ती उगाच नाही. रोमला टायबर होती, बगदादला टायग्रिस, कैरोला नाईल, दिल्लीला यमुना. या राजधानीला मात्र नदीच नव्हती. लायकस नावाचा एक लहानसा ओढा शहरातून वाहत होता, विहिरी होत्या, आणि पावसाचं पाणी. तेवढ्यावर एखादं बंदर जगतं; साम्राज्याची राजधानी जगत नाही. सहाव्या शतकात इथली वस्ती चार-पाच लाखांवर गेली असावी असा इतिहासकारांचा अंदाज आहे. चहूकडे निळा समुद्र आणि घशाला कोरड, अशा या शहराची पुढची सोळाशे वर्षं पाणी आणण्यात गेली.

ते आणलं कुठून, तर पश्चिमेकडच्या थ्रेसच्या डोंगरांतून. सगळ्यांत लांबचे झरे विझे गावाजवळचे, शहरापासून शंभराहून अधिक किलोमीटर दूर. पण पाणी सरळ रेषेत येत नाही. त्याला सतत, न चुकता, थोडं थोडं उतरावं लागतं. पंप नव्हते, इंजिनं नव्हती, होता तो फक्त उतार. आपल्याकडे शेतकरी पाटाचं पाणी बांधाच्या कडेनं वळवत नेतो, तसा हा दगडी पाट डोंगरांच्या कडेकडेनं वळसे घेत, दऱ्यांवरून पूल टाकत येई. वळसे आणि फाटे धरले तर त्याची लांबी ४०० किलोमीटरच्या वर जाते. प्राचीन जगातल्या सर्वांत लांब पाणीयोजनांत तिची गणना होते. उतार जास्त झाला तर धावतं पाणी पाटाचा तळ खरवडून काढतं, कमी झाला तर गाळ बसतो. शेकडो किलोमीटर ही मधली चाल सांभाळायची, तीही पाणसळ आणि दोरी यांच्या जोरावर! रानात उभं राहून ज्यांनी हा उतार आखला, त्या माणसांपुढे मला हात जोडावेसे वाटतात.

या पाण्याचा शेवटचा मोठा पूल आजही शहराच्या मधोमध उभा आहे. सम्राट व्हॅलेन्सच्या काळात, इ.स. ३७३ मध्ये, तो पुरा झाला. तुर्क त्याला बोझदोआन केमेरी म्हणतात. जुन्या शहराच्या दोन टेकड्या, एकीवर आता फातिह मशीद आणि दुसरीवर विद्यापीठ, यांच्या मधल्या खोलगटावरून दोन मजली कमानींची ही रांग जाते. उंची सुमारे २९ मीटर आणि शिल्लक लांबी नऊशे मीटरहून जास्त. खालून आतातुर्क बुलेवार हा रुंद रस्ता जातो. मी पाहिलं तेव्हा संध्याकाळची गर्दी होती. चौथ्या शतकातल्या कमानींखालून बसगाड्या एकामागून एक निघत होत्या आणि कुणीही वर मान करून पाहत नव्हतं. रोजच्या वाटेवरची वस्तू माणूस पाहत नाही, हे खरंच आहे. पण आपण तिथं दोन दिवसांचे पाहुणे, आपण तरी थांबावं.

पूल ओलांडून आलेलं पाणी साठवायचं कुठं? त्याचं उत्तर पाहायला जमिनीखाली उतरावं लागतं.

त्या तराजूच्या मनोऱ्यापासून काही पावलांवर एक साधंसं दार आहे. तिकीट काढून पायऱ्या उतरू लागलं की रस्त्याचा आवाज मागं पडतो, हवा गार आणि ओलसर होते, आणि मग अंधाराला डोळे सरावता सरावता खांब दिसू लागतात. एक रांग, तिच्यामागं दुसरी, तिच्यामागं आणखी. १२ रांगा, प्रत्येकीत २८, असे ३३६ संगमरवरी खांब. प्रत्येक खांब सुमारे नऊ मीटर उंच, म्हणजे तीन मजली घराएवढा. खाली घोटाभर पाण्यात त्यांची प्रतिबिंबं पडतात आणि खांब वर जातोय की खाली, हे क्षणभर कळत नाही. तुर्कांनी याला ‘येरेबातान’ म्हटलं, म्हणजे जमिनीत बुडालेलं. जुनं नाव तर ‘बुडालेला महाल’.

हा महाल नव्हे, हौद आहे. (हौदाला तुर्की शब्द ‘हावुझ’. दोघांचं मूळ अरबी ‘हौज’. हा शब्द एका वाटेनं इस्तंबूलला पोचला आणि दुसऱ्या वाटेनं पुण्याच्या काळ्या हौदापर्यंत.) इ.स. ५३२ च्या ‘निका’ बंडात शहराचा मध्य जळून गेला. सम्राट जस्टिनियननं तो नव्यानं बांधला. वर हाया सोफिया उभी राहिली आणि तिच्या आसपासच हा हौदही. लांबी जवळजवळ १४० मीटर, रुंदी ६५ ते ७०, आणि पोटात मावणारं पाणी सुमारे ८० हजार घनमीटर, म्हणजे आठ कोटी लिटर.

आता यातली युक्ती पाहा. आठ मीटर खोल पाणी साठलं की तळाशी दर चौरस मीटरवर आठ टनांचा दाब येतो. तो दाब भिंतींना बाहेर ढकलतो. म्हणून भिंती विटांच्या आणि चार मीटर जाड, पाठीशी जमिनीचा आधार. खांबांना मात्र हे पाणी काही करू शकत नाही, कारण ते त्यांना सगळीकडून सारखंच दाबतं. खांबांवर छोट्या छोट्या विटांच्या कमानदार छतांची जाळी आहे. प्रत्येक कमान शेजारणीला रेटते आणि शेजारीणही तिला तेवढंच रेटते. सगळा रेटा असा आपसात मिटत मिटत कडेच्या जाड भिंतींपर्यंत जातो. म्हणून एवढ्या मोठ्या छताखालचे खांब इतके सडपातळ राहू शकले. भिंतींवरचा गिलावा ओळखीचा निघाला: चुन्यात विटांची पूड. तुर्क याला ‘होरासान’ म्हणतात, आपले गवंडी सुरखी म्हणायचे. भाजलेल्या मातीच्या पुडीची चुन्याशी अशी काही गट्टी जमते की गिलावा ओलाव्यातही घट्ट होत जातो आणि पाणी झिरपू देत नाही. वाड्यांच्या आणि हौदांच्या बांधणीत आपल्या लोकांनी हीच सुरखी मळली. मी त्या भिंतीपाशी बराच वेळ उभी होते.

खांब नवे घडवलेले नाहीत. जुन्या पडक्या इमारतींचे आणून इथं उभे केले, म्हणून एकाचं शीर्ष पानाफुलांचं तर दुसऱ्याचं साधं. एका खांबावर डोळ्यांसारखे, अश्रूंसारखे आकार कोरले आहेत. अगदी आतल्या कोपऱ्यात दोन खांबांखाली मेदुसाची दोन प्रचंड डोकी बैठकीसारखी घातली आहेत. एक आडवं, एक उलटं. मेदुसाच्या केसांच्या जागी साप आणि तिची नजर ज्याच्यावर पडे तो दगड होई, अशी ग्रीक कथा. नजर निष्प्रभ व्हावी म्हणून डोकी फिरवून बसवली, असं वाटाडे सांगतात. मला गवंड्याची बाजू अधिक पटते. खांब आखूड पडत होता, उंची जुळवायला मोठा धोंडा हवा होता, आणि ज्या बाजूनं नीट बसला त्या बाजूनं त्यानं तो बसवला. हे सगळं पाण्याखाली जायचं होतं. दीड हजार वर्षांनी लोक दिवे लावून ते पाहायला येतील, हे त्याला कसं माहीत असणार?

आणि हे सगळं लोक विसरले होते. पेत्रुस गिलियस नावाचे एक फ्रेंच विद्वान १५४०च्या दशकात राजासाठी जुनी हस्तलिखितं शोधायला या शहरात आले. त्यांना कळलं, की या भागातले रहिवासी घरातल्या जमिनीला पाडलेल्या भोकांतून बादल्या सोडून पाणी काढतात, आणि मासेसुद्धा धरतात. घराखाली काय आहे याची फारशी विचारपूस कुणी केली नव्हती. पाणी मिळत होतं, तेवढं पुरे होतं. गिलियस एका घरातून खाली उतरले. तिथं एक लहान होडी होती. घरमालकानं मशाल पेटवली आणि त्यांना खांबांच्या जंगलातून फिरवलं. त्यांनी खांब मोजले, आणि आकडा ३३६ च लिहिला. डोक्यावर शहराचा संसार चाललेला, खाली काळं पाणी, मशालीचा उजेड आणि अंधारात खांब मोजणारा एक माणूस. हे चित्र माझ्या मनातून जात नाही.

येरेबातान एकटा नाही. जुन्या शहराखाली असे दोनशेहून जास्त हौद नोंदले गेले आहेत. हिप्पोड्रोमच्या, म्हणजे रथशर्यतींच्या जुन्या मैदानाच्या, पश्चिमेला ‘बिनबिरदिरेक’, म्हणजे एक हजार एक खांबांचा हौद. खांब आहेत २२४. पण दिव्याच्या उजेडात ज्यानं मोजायला सुरुवात केली असेल, त्याला हजारच वाटले असणार. काही हौद तर उघडे, तळ्याएवढे होते. त्यांत आता पाणी नाही. तुर्कांनी त्यांत भाजीचे मळे केले म्हणून त्यांना ‘चुकुरबोस्तान’, खोलगट बाग, असं नाव पडलं. एतियसचा हौद तर आता फुटबॉलचं मैदान आहे. पाचव्या शतकातल्या भिंतींच्या आत, रस्त्याहून खाली, पोरं चेंडू खेळतात.

इतके हौद कशाला, याचं उत्तर ६२६ सालानं दिलं. आवार टोळ्यांनी शहराला वेढा घातला आणि बाहेरचा पाट तोडला. तटबंदी कितीही भक्कम असली तरी पाट तटाबाहेर शेकडो किलोमीटर उघड्यावर पडलेला. तो राखायचा कसा? पाट तुटला तो थेट ७६६ मध्ये पुन्हा जोडला गेला. मधली १४० वर्षं लांबचं पाणी नाही. घटलेली वस्ती जवळपासचे झरे, विहिरी आणि हे हौद यांवर तगली. मोठे वेढे आले आणि गेले, शहर पडलं नाही. तटाच्या पराक्रमाच्या गोष्टी सगळे सांगतात. तेवढंच श्रेय जमिनीखालच्या या काळोखालाही आहे.

१४५३ मध्ये उस्मानी सुलतान दुसऱ्या मेहमेदनं शहर जिंकलं. उस्मानी लोकांना साठलेल्यापेक्षा वाहतं पाणी प्रिय. नमाजाआधी हात-पाय धुवायला, म्हणजे वजूला, वाहतं पाणी हवं, हमामाला हवं, अंगणातल्या कारंज्याला हवं. हौद मागे पडले आणि पाट दुरुस्त झाले. सोळाव्या शतकात सुलतान सुलेमाननं आपला मुख्य स्थपती सिनान याला शहराच्या उत्तरेकडचं, आता बेलग्राद म्हणतात त्या जंगलातलं पाणी आणायला सांगितलं. १५५४ ते १५६४ या दशकात सिनाननं ५५ किलोमीटरची ‘किर्कचेश्मे’ योजना उभी केली. नावाचा अर्थ चाळीस पाणवठे. (‘चेश्मे’ म्हणजे झरा किंवा पाण्याचा नळ, आणि मुळात फारसी ‘चश्म’ म्हणजे डोळा. आपल्या नाकावरचा चष्मा त्याच घराण्यातला.) सप्टेंबर १५६३ मध्ये महापूर आला आणि पुलांची फार नासधूस झाली. सिनान तेव्हा सत्तरीच्या घरात होता. त्यानं दुरुस्ती करून काम पुरं केलं. त्यातला माअलोवा पूल २५८ मीटर लांब आणि ३६ मीटर उंच आहे. त्याचे पाय खाली पसरत गेलेले, पुराच्या लोंढ्यात रोवून उभ्या राहिलेल्या माणसासारखे. आता तिथं धरणाचा जलाशय आहे आणि पूल पाण्यात पाय सोडून उभा आहे. पर्यटकांच्या बसगाड्या तिकडं जात नाहीत. माझ्या मते सिनानच्या मशिदींच्या बरोबरीनं हा पूल पाहायला हवा.

पाणी शहरात पोचलं की ते वाटायचं असतं, आणि इथं तो तराजू कामाला येतो. शहरात पाणी मातीच्या बंद नळांतून जाई. खोलगटात नळावर दाब वाढतो आणि तो फुटतो. म्हणून मधे मधे हे मनोरे. नळ मनोऱ्यात वर चढतो, माथ्यावरच्या उघड्या कुंडीत पाणी क्षणभर विसावतं, अडकलेली हवा निघून जाते, दाब पुन्हा ठरल्या मापावर येतो, आणि दुसऱ्या नळानं पाणी खाली उतरून पुढं जातं. पुण्याला कात्रजहून पाणी आणताना पेशवाईत वाटेवर दगडी ‘उच्छ्वास’ बांधले, त्यांचं कामही याच जातीचं.

माथ्यावरच्या कुंडीत आणखी एक गोष्ट होई. कुंडीच्या कडेला ठरलेल्या मापाची तोंडं बसवलेली असत आणि ज्याचा जितका हक्क तितक्या मापाचं तोंड त्याच्या वाट्याला. मोठं माप ‘लुले’, म्हणजे नळी. मिनिटाला सुमारे ३६ लिटर. तिचा चौथा भाग ‘कामिश’, म्हणजे बोरू. आठवा भाग ‘मासुरा’, विणकराची कांडी. आणि बत्तिसावा भाग ‘चुवालदिझ’, पोती शिवायचं दाभण! मिनिटाला जेमतेम लिटरभर. नळी, बोरू, कांडी, दाभण. पाण्याचं माप ठरवताना लोकांनी हाताशी असलेल्या वस्तू घेतल्या. कुणाच्या घरी दाभणभर पाणी येत होतं, हे वाचून मला त्या घराचा रांजणही दिसू लागला.

खाडीपलीकडच्या वस्तीसाठी पहिल्या महमूदच्या काळात, १७३२ मध्ये, असंच पाणी आणून एका उंचवट्यावर आठ बाजूंच्या दगडी इमारतीत त्याची वाटणी सुरू झाली. त्या वाटणीवरून जागेला नाव पडलं ‘तकसीम’. जगभरच्या बातम्यांत झळकणारा तकसीम चौक तो हाच. आपल्या वतनाच्या कागदपत्रांतली, भाऊबंदांच्या हिश्श्याची ‘तक्षीम’ आठवा, शब्द एकच. इस्तिकलाल रस्त्याच्या तोंडाशी ती इमारत अजून आहे. ज्यांच्या घरी नळ नव्हता त्यांच्याकडे ‘साका’, म्हणजे पखालवाले, कातडी पखाल खांद्यावर टाकून जात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तेर्कोस सरोवराचं पाणी नळानं आलं, आणि जुने इस्तंबूलकर नळाच्या पाण्यालाच ‘तेर्कोस’ म्हणू लागले. आज दीड कोटींच्या या शहरासाठी पूर्वेकडच्या मेलेन नदीचं पाणी बॉस्फरसच्या तळाखालच्या बोगद्यातून येतं. लांबून आणायची रीत काही सुटलेली नाही.

तोपकापी महालाच्या मोठ्या दरवाजाबाहेर तिसऱ्या अहमदचा पाणवठा आहे, १७२८ चा. रुंद पागोळ्यांच्या छपराखाली, फुलं-फळं कोरलेली एक छोटी इमारतच. चार भिंतींवर चार नळ आणि चार कोपऱ्यांवर जाळीच्या चार खिडक्या. या खिडक्यांना ‘सेबिल’ म्हणतात. आत माणूस बसे आणि वाटसरूला जाळीतून पेलाभर पाणी देई, सणावाराला सरबत, पैसे न घेता. आपल्या पाणपोईला इतका देखणा पोशाख मी कुठं पाहिला नाही. भिंतींवर कविता आहेत. अरबी लिपीतल्या प्रत्येक अक्षराला एक किंमत असते, आणि ओळीतल्या अक्षरांची बेरीज बांधणीचं हिजरी वर्ष यावी, अशी कसरत शायर करत. आपल्या जुन्या ग्रंथांत शक शब्दांतून सांगतात, तसंच काहीसं. सांगतात, की सुलतानानं स्वतः ओळ रचली, पण बेरीज चारनं कमी पडली. सेय्यिद वेहबी या कवीनं ओळीच्या आधी एकच शब्द जोडला: ‘आच’. त्याच्या अक्षरांची किंमत चार, आणि अर्थ ‘उघड’. नळ उघड. हिशेबही जुळला आणि वाटसरूला तोटी कशी वापरायची हेही सांगून झालं.

शेवटच्या दिवशी मी सुलेमानिये मशिदीकडे चढून गेले. मशीद सिनानची, पण मला त्याची कबर पाहायची होती. ती मशिदीच्या आवारात नाही. बाहेर, दोन रस्ते जिथं मिळतात त्या टोकाच्या लहानशा त्रिकोणी तुकड्यावर आहे. साम्राज्याचा मुख्य स्थपती म्हणून पन्नास वर्षं राबलेल्या माणसाची कबर इतकी लहान, की वळणावर नजर चुकली तर मागं पडेल. त्या त्रिकोणाच्या अगदी टोकाला, रस्त्याकडे तोंड करून, त्यानं एक सेबिल ठेवला आहे. वरून येणारा आणि खालून येणारा, दोघांनाही पाणी मिळावं अशा जागी.

त्याच मशिदीच्या आवारात जुन्या कबरींचं बन आहे. काही आडव्या शिळांवर मधोमध वाटीएवढा खळगा कोरलेला असतो. मला आधी वाटलं, झिजेचा खड्डा असेल. मग जवळून पाहिलं, तर कडा नीट गोल घासलेल्या होत्या. तो पाखरांसाठी असतो. पाऊस पडला की त्यात पाणी साचतं. सकाळी सर येऊन गेली होती, आणि एक चिमणी शिळेच्या कडेला बसून पाणी पीत होती.